अर्ध्या वाटेवर हाल्या

"कंचे बोटानं बंद केलास?"

बारकीच्या आवाजात राग नव्हता. मीठ कुठं ठेवलंस, असं विचारावं तसं तिनं सुनेला विचारलं. अंगणात पाटा होता, पाट्यावर वरवंटा होता, आणि सगळा कोंडपाडा कुडाला पाठ लावून उभा होता. नवशीचे दोन्ही दंड बायांनी धरले होते. तिचा नवरा उमेश चिंचेच्या खोडाशी होता. त्याला त्याच्याच चुलतभावांनी दाबून धरलं होतं आणि त्याच्या तोंडातून शिव्या आणि थुंकी एकदमच बाहेर पडत होती.

नवशीनं उजव्या हाताचं पहिलं बोट पुढं केलं. खोटं बोलायचं तिला सुचलंही नाही. सासूनं विचारलं, सुनेनं सांगितलं.

चटणीची मिरची ठेवावी तसं बारकीनं ते बोट पाट्यावर नीट ठेवलं. मग वरवंटा उचलला. पहिला घाव नखावर बसला आणि नख उडालं. दुसरा पेरावर बसला. त्यानंतर बोट असं काही राहिलंच नाही. लाल लगदा होता, त्यात पांढरी कणी होती. पहिल्या घावाला नवशी किंचाळली. पुढं तिच्या तोंडातून आवाज येईना, पोकळ बांबूतून निघावा तसा नुसता वारा निघत राहिला.

"माझा हाल्या अर्धे वाटेवर उभा हाय," बारकी म्हणाली. वरवंट्याचं रक्त तिनं लुगड्याला पुसलं. "तुझं बोट तरी पुरं गेलं."

हाल्या हा बारकीचा धाकटा लेक, उमेशचा भाऊ. तो सरीगामच्या एका कंपनीत पाळीला जायचा. मंगळवारी सकाळी घरी येताना तलासरीजवळ हायवे ओलांडत होता, तेव्हा कंटेनर त्याच्या मोटारसायकलवरून गेला आणि त्याला पुढं फरफटत घेऊन गेला. पाड्यातल्या माणसांनी त्याला उचलून आणला असं म्हणता येणार नाही. गोळा करून आणला. चादरीची चार टोकं चौघांनी धरली होती आणि मधून ठिबकत होतं. बारकीनं चादर उघडायला लावली. तोंड शाबूत होतं. तिनं त्या तोंडावरून हात फिरवला, मग चादर परत बांधली, आणि तेव्हापासून ती रडली नव्हती.

आणि हाल्या मरायच्या आधीच्या शुक्रवारी, याच अंगणात, नवशीनं एक कॅसेट लावली होती.

कॅसेटमध्ये देवजी कामडीचा आवाज होता. कामडी म्हणजे मेलेल्याला वाटेला लावणारा. पाड्यात माणूस गेलं की त्याचा दिस घालतात, आणि त्या दिवशी कामडी बसून गाणं धरतो, मेलेल्याला नावानं हाक मारतो. देवजी स्वतः कधीच मरून गेला होता. पण कॅसेटमध्ये त्याचा घसा जिवंत होता, आणि तो हाक मारत होता हाल्याला. या हाल्याला नव्हे. याच्या आजाला, ज्याचं नाव नातवाला दिलं होतं. पण हाकेला काय ठाऊक, कुठला हाल्या आजा आणि कुठला नातू?

*ऊठ रे हाल्या, ऊठ,*
*तुझी खाट उलटी झाली,*
*तुझ्या चुलीत गवत आलं,*
*ऊठ रे हाल्या, वाट धर.*

*वाटेला कुडा फुलला,*
*फुलाकडं बघू नको.*
*वाटेला नदी भरली,*
*नदीला भिऊ नको.*

इथं नवशीनं बोट दाबलं आणि गाणं थांबलं.

हे गाणं थांबवायचं नसतं. कामडीचा घसा बसला तर शेजारचा उचलतो, पाऊस आला तर डोक्यावर घोंगडं धरतात, पण गाणं चालू राहतं. मेलेल्याला हाक मारून उठवलं, वाटेला लावलं, नदीच्या काठावर नेऊन उभं केलं आणि तिथंच गप्प बसलात, तर त्यानं जायचं कुठं? पुढं नेणारा आवाज नाही. एकट्यानं नदी ओलांडवत नाही. मग तो मागं फिरतो, आपल्या घरी येतो, आणि सोबतीला माणूस मागतो. आपल्या नावाचा असला तर फारच बरं.

शुक्रवारी गाणं तुटलं, मंगळवारी हाल्या तुटला. कोंडपाड्यात हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

*

जयश्रीला कळलं ते हाल्या गेल्यानंतरच्या शुक्रवारी, डहाणूच्या ऑफिसात. उमेशचा फोन आला. "मॅडम, नवशीचं बोट गेलं. दवाखान्यात आणलीय. तुमच्या कॅसेटीपायी गेलं," एवढंच म्हणाला आणि फोन ठेवला.

ऑफिस म्हणजे स्टेशनच्या पूर्वेला, चिकूच्या गोदामावरच्या दोन खोल्या. बाहेर पाटी, 'सागरगिरी संग्रह'. आत सुधाबाईंच्या ट्रंका. सुधाबाई तलासरीकडं प्राथमिक शाळेत शिकवायच्या आणि सुटीच्या दिवशी खांद्याला टेपरेकॉर्डर लावून पाड्यापाड्यांतून हिंडायच्या. लग्नातली गाणी, कणसरी या धान्यदेवीच्या गोष्टी, पाळण्याची गाणी, मरणाची गाणी, दोन सवतींची भांडणं. बाईंनी सगळं भरून ठेवलं. कॅसेटवर नाव मात्र एकाही लिहिलं नाही. त्यांना आवाज ओळखू यायचा, मग लिहायचं कशाला? बाई गेल्या आणि ओळखणारा कान त्यांच्याबरोबर गेला. कॅसेटी राहिल्या, हजारांनी, मुक्या.

ट्रंका बरीच वर्षं तशाच पडून होत्या. मग मुंबईच्या एका कंपनीनं देणगी दिली. देणगीत स्टीलची कपाटं आली, त्यांच्यावर कंपनीचं नाव आलं, थंड हवेचं यंत्र आलं, कॅसेटीची नक्कल करणारं यंत्र आलं. माणूस एकच आलं, जयश्री. सूची करायची, अकरा महिन्यांचं कंत्राट. वडील रेल्वेतून निवृत्त, घर डहाणूतच, म्हणून तिला परवडलं. तिला वारली बोली येत नव्हती. यंत्रालाही येत नव्हती. ऐकून समजणारं माणूस हवं होतं, आणि त्याचा पगार कुठल्याच रकान्यात बसत नव्हता.

"यंत्र मागा, देतात. माणूस मागितलं की विचारतात, कशाला?" संस्थेचे चिटणीस गोपीनाथराव म्हणायचे. पूर्वी शिक्षण खात्यात होते. वाट काढण्यात वाकबगार. त्यांनी 'चहापाणी व प्रवास' या खर्चातून रोजावर बाई ठेवली. बारावी झालेली, कोंडपाड्याची नवशी. पाहुण्यांपुढं ते हसून ओळख करून द्यायचे, "ही आमची नवशी. कागदावर चहा आहे."

नवशीही हसायची. "साखर कमी घाला साहेब, मधुमेह होईल," म्हणायची.

कॅसेटी फार, महिने थोडे, ऐकणारी एक. तेव्हा मुंबईहून नियम आला: एका बाजूची पहिली पाच मिनिटं ऐका, काय आहे ते एका ओळीत लिहा, बंद करा, पुढची लावा. सुरुवातीला नवशीनं काही कॅसेटी शेवटपर्यंत ऐकल्या. गाणं अर्ध्यात सोडवेना. जयश्री तिला ओरडली. मग नवशी मोबाइलवर गजर लावून बसू लागली. गजर झाला की बोट.

त्यात कपाटांच्या उद्घाटनाला कंपनीचे लोक यायचे ठरलं आणि खोल्यांना रंग काढला. "आठवडाभर घरीच ऐक," जयश्रीनं सांगितलं आणि जुना टेपरेकॉर्डर, पिशवीभर कॅसेटी तिच्याबरोबर दिल्या. कानात घालायच्या वायरी एका बाजूनं तुटल्या होत्या. नव्या घ्यायच्या राहून गेल्या.

आणि गाणं तुटलं त्या शुक्रवारी नवशीचा फोन आला होता. हे आता जयश्रीला शब्दन् शब्द आठवत होतं. ती शिडीवर होती, रंगाऱ्याला भिंत दाखवत होती.

"मॅडम, हे मरणाचं गाणं आहे. हे सुरू केलं की पुरं करावं लागतं."

"किती आहे?"

"दोन्ही बाजू. त्याच्यापुढची कॅसेटपण असंल."

"नवशी, आपण आधीच मागे पडलोय. पाच मिनिटं झाली ना? बंद कर, पुढची लाव."

"इथं माझी सासू बसलीय, मॅडम. ती बघतेय माझ्याकडं."

"मग तिला चहा दे," जयश्री म्हणाली होती. रंगारी हसला होता. तीही हसली होती.

*

दवाखान्यात नवशी भिंतीकडं तोंड करून पडली होती. उजवा हात पांढऱ्या गाठोड्यासारखा छातीवर. बोट मुळातून काढावं लागलं होतं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा उमेशनं सांगितलं, भात झोडायच्या यंत्रात सापडलं. डॉक्टरांनी नवशीच्या गालावरचे वळ पाहिले, पाठीवरचे पाहिले, आणि म्हणाले, "यंत्राला हात फार होते."

जयश्री खाटेशी उभी राहिली. म्हणाली, "पोलिसांत जाऊ. अशा गोष्टींना कायदा आहे, नवशी."

"कायदा पाड्यात झोपायला येत नाय," नवशी भिंतीकडंच बघत म्हणाली. "पोलीस येतील, जीप फिरवतील, जातील. मी तिथंच राहते. माझी पोर तिथं आहे, तिच्या आजीपाशी."

"मग मी काय करू?"

नवशी वळली. तिचा एक डोळा सुजून मिटला होता.

"येत्या रविवारी पाडा बसणार आहे. काकड्या कामडी विचारणार. हाल्याचं गाणं नवशीनं आपल्या मनानं तोडलं का कुणाच्या सांगण्यावरनं? आपल्या मनानं तोडलं असंल तर मी भुताळी. मग ते बोटावर थांबणार नाहीत, मॅडम. माझे मावशीला झाडाला बांधून मारली होती, मी बघितलंय. तिचे तोंडात माती भरलेली. मी ओरडून सांगितलं, मला ऑफिसातून फोनवर सांगितलं बंद कर म्हणून. उमेशनं सांगितलं. काकड्या म्हणतो, नवरा बायकोचंच सांगणार. ज्यानं सांगितलं त्याला आण."

जयश्रीनं खाटेची कड धरली.

"तुम्ही सांगितलंत," नवशी म्हणाली. "एवढंच येऊन बोला. मी सांगितलं. दोन शब्द."

तिनं परत भिंतीकडं तोंड केलं. जयश्री बराच वेळ तिच्या वेणीकडं बघत राहिली. वेणीत सुकलेलं रक्त होतं, ते कुणी धुतलं नव्हतं. शेवटी तिनं नळावरून ओला रुमाल आणला. नवशीनं डोकं झटकलं. "रविवारी या," म्हणाली.

*

"अजिबात जायचं नाही," गोपीनाथराव म्हणाले.

खोल्यांना नव्या रंगाचा वास होता. कपाटं ओळीनं उभी, कंपनीचं नाव चकचकीत.

"तुम्ही समजून घ्या. मला वाईट वाटत नाही का? मी त्या पोरीच्या हातचा चहा प्यायलोय. पण ती आपली कोण? नेमणूक नाही, हजेरी नाही. तुम्ही तिथं जाऊन 'मी सांगितलं' म्हणालात की ती आपली नोकर ठरते. उद्या बातमी होते, संग्रहाच्या कॅसेटनं माणूस मेलं, बाईचं बोट ठेचलं. कंपनी परवा पैसे काढून घेते."

"घेऊ द्या."

"घेऊ द्या?" त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. "पुढच्या वर्षात मी काय मंजूर करून घेतलंय माहीत आहे? दोन ऐकणारी माणसं. पगारी, जयश्रीताई! पुढचं वर्षभर पूर्ण गाणी ऐकायची, पाच मिनिटं नाही. त्यासाठी मी मुंबईला किती उंबरे झिजवले ते मला ठाऊक. नवशीलाच घेणार होतो मी. एक बोट गेलं; तुम्ही गेलात तर सुधाबाईंचा सगळा जन्म जाईल. सांगा, काय मोठं?"

ते खोटं बोलत नव्हते. जयश्री त्यांच्या मागच्या कपाटाकडं बघत होती. त्यात कॅसेटी रचलेल्या, आणि प्रत्येक कॅसेटीत पाच मिनिटांनंतर कुणीतरी तोंड उघडं ठेवून थांबलेलं.

"आणि ती माणसं तुम्हाला सोडतील?" ते हळू आवाजात म्हणाले. "शोकातल्या माणसांचा हात सरकारी नसतो, बाई. तो मोजून पडत नाही."

त्या रात्री जयश्रीला झोप आली नाही. तिनं आईला काही सांगितलं नाही. शनिवारी तिनं दवाखान्यात फोन केला. कळलं, नवशी शुक्रवारी संध्याकाळीच कुणाला न विचारता घरी गेली. पोरगी आजीपाशी होती ना.

*

रविवारी जयश्री आशागडवरून चारोटीला गेली, तिथून हायवेनं तलासरीला, आणि पुढं इको गाडीत बसून कोंडपाड्याच्या फाट्यावर उतरली. कापलेल्या शेतांत खुंट उभे होते, उन्हात काट्यांसारखे. अंगणात माणसं बसली होती. कुणी तिला ये म्हटलं नाही, कुणी जा म्हटलं नाही.

नवशी घराबाहेर होती. उंबऱ्याच्या आत यायची तिला मनाई होती. दोन दिवस ती गोठ्यात गुराशेजारी झोपली होती. तिची पोरगी दारातून तिच्याकडं बघत होती आणि बारकीनं पोरीच्या झग्याचा मागचा घोळ मुठीत धरला होता. उमेशच्या कपाळावर नवी जखम होती.

काकड्या कामडी मध्ये बसला होता. साठीचा असेल. देवजीचा लेक. कॅसेटमधला आवाज त्याच्या बापाचा.

"ही कोण?" त्यानं विचारलं.

"ऑफिसची मॅडम," उमेश म्हणाला.

"मॅडम बसल तर बसू दे. उभी राहिल तर उभी राहू दे." काकड्यानं तंबाखू चोळली. "नवशी सांगते, माझे बाहासचं गाणं तिनं आपले मनानं तोडलं नाय. तू काय सांगतेस?"

वाटेत जयश्रीनं पुष्कळ जुळवलं होतं: नियम होता, आम्हाला माहीत नव्हतं, दुःख झालं. ते सगळं तिनं सोडून दिलं. नवशी तिच्याकडं बघत नव्हती. जमिनीकडं बघत होती, निकाल ऐकायला बसलेल्या माणसासारखी.

"मी सांगितलं," जयश्री म्हणाली.

"मोठ्यानं बोल."

"मी सांगितलं तिला. ती म्हणाली, पुरं करावं लागतं. मी म्हणाले, बंद कर. तिनं ऐकलं. तिचा दोष नाही."

अंगणात सळसळ झाली, वाळलेल्या पानांतून सरपटल्यासारखी. दोघं तरुण उठले. काकड्यानं हात वर केला.

"तुला कुणी सांगितलं?"

"आमचे चिटणीस. गोपीनाथराव."

"त्याला?"

"मुंबईच्या लोकांनी. ते पैसे देतात."

"त्यांना?"

"माहीत नाही."

"त्यांना कुणी नाय सांगितलं?"

"असेल कुणीतरी. पाच मिनिटांपुरतेच पैसे होते. पूर्ण ऐकायला माणूस लागतं, माणसाला पगार लागतो. तो त्यांनी दिला नाही."

काकड्यानं चोळलेली तंबाखू तळहातावर तशीच धरली. मग म्हणाला, "म्हंजे माझे बाहासचा गळा मुंबईनं धरला, गोपीनाथानं दाबला, तू दाबला, आन् बोट गेलं नवशीचं." तो हसला. त्या हसण्यात दात होते, हसू नव्हतं. "लय लांब हात हाय तुमचा. माणूस दिसत नाय, हात तेवढा दिसतो."

"मॅडमला जाऊ द्या," उमेश म्हणाला. "तिनं सांगितलं ना! झालं की!"

"माझा पोर गेला," बारकी म्हणाली.

ती उठली. पोरीचा झगा सोडला. ती जयश्रीपुढं येऊन उभी राहिली, तिच्यापेक्षा वीतभर बुटकी. तिनं मान वर करून जयश्रीचा चेहरा पाहिला; पोरानं नवं माणूस पाहावं तसा, डोळे, नाक, हनुवटी.

"तू सांगितलास बंद कर?"

"हो."

"हाताचे बोटानं नाय. तोंडानं."

"हो."

"आन् मी बसलेली होती, तं माना चहा द्याया सांगितलास."

जयश्रीनं नवशीकडं पाहिलं. नवशीनं हेही सांगितलं होतं. सगळंच सांगितलं होतं.

"हो," जयश्री म्हणाली.

बारकीच्या हातात कधी आला कळलं नाही, पण तिच्या मुठीत भात कांडायच्या मुसळाचा तुटका तुकडा होता. तिनं तो जयश्रीच्या तोंडावर मारला. आवाज आला तो ओलं लाकूड फुटल्यासारखा. जयश्री गुडघ्यांवर आली. जिभेवर काहीतरी कडक लागलं. तिनं थुंकलं, तो दात होता. दुसरा घाव तिच्या गालाच्या हाडावर बसला. तिला पाड्याचं आभाळ दिसलं, मग माती, मग परत आभाळ. कुणीतरी तिच्या केसांना धरलं. कुणीतरी पाठीत लाथ घातली. "हिला पाट्यावर घ्या," एक बाई ओरडली. "जीभ काढा तिची!"

आणि मग तिच्या अंगावर कुणीतरी पडलं. जड, घामाचा आणि औषधाचा वास असलेलं. एक लाथ त्या अंगावर बसली आणि ते अंग कण्हलं.

"पुरं!" नवशी जयश्रीच्या कानाशी ओरडत होती. "पुरं, आयव, पुरं! मोजून घेतलंस ना? माझं बोट, तिचं तोंड! आजून किती खातंस? हाल्या येणाराय का त्यातनं? ये म्हण त्याला! म्हण ये!"

बारकीचा हात वर होता. तो तसाच राहिला. मग तिच्या तोंडातून एक आवाज निघाला. चादर उघडल्यापासून जो आवाज तिनं आत कोंडला होता, तो सगळा एकदम निघाला, आणि त्याच्याबरोबर ती खाली बसली. बाया धावल्या. कुणी तिला धरलं, कुणी तिच्याबरोबर गळा काढला. जी बाई जीभ काढा म्हणाली होती तिनंच पाणी आणलं. लाथ घालणारा तरुण आपल्याच पायांकडं बघत उभा राहिला.

काकड्यानं तंबाखू तोंडात टाकली. "नवशी भुताळी नाय," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "पाड्यानं ऐकलं. हाल्याचा दिस मी घालतो. दोघा हाल्यांचा एकदम घालतो. तिला घरात घ्या."

दारातली पोरगी धावत आली आणि नवशीच्या पाठीला बिलगली. नवशी कुणालाच म्हणाली नाही, बरं झालं. ती जयश्रीच्या अंगावरून उठली, डाव्या हातानं तिला बसतं केलं आणि पदराचं टोक तिच्या तोंडात कोंबलं.

"चाव," म्हणाली. "रक्त थांबतं."

जयश्रीनं पदर चावला. तिला रडायचं होतं, पण तोंड नव्हतं. तिनं नवशीच्या पांढऱ्या गाठोड्याकडं हात नेला. नवशीनं तो हात बाजूला केला. झटकला नाही, नुसता बाजूला केला.

"तू शुक्रवारीच आली असती तं," नवशी म्हणाली, "दोन दिवस गोठ्यात झोपले नसते."

तेवढ्यात जयश्रीच्या पिशवीतला फोन वाजला. मातीत पडलेली पिशवी थरथरत राहिली. नवशीनं डाव्या हातानं फोन काढला, नाव वाचलं, आणि कानाला लावला.

"जयश्रीताई?" गोपीनाथरावांचा आवाज अंगणात सगळ्यांना ऐकू आला. "कुठे आहात? तुम्ही तिकडे गेला नाहीत ना? काही बोलला नाहीत ना?"

"मॅडमला बोलता येत नाय," नवशी म्हणाली. "मी नवशी."

पलीकडं खुर्ची सरकली.

"नवशी! बरी आहेस ना? हे बघ, तू काळजी करू नकोस. आपण ऑफिसात बसून बोलू. तुझं पुढच्या वर्षी—"

"साहेब, मी तुमची कोण?"

"अगं, असं काय विचारतेस? तू आपलीच—"

"आपली म्हंजे कोण? चहा का माणूस? इथं पाडा बसलाय. काकड्या विचारतोय, मॅडमला कुणी सांगितलं. मॅडमनं तुमचं नाव सांगितलं."

"नवशी, ऐक, हे फोनवर नको. तू ऑफिसात ये, मी गाडी पाठवतो."

नवशीनं अंगणाकडं पाहिलं. काकड्या ऐकत होता. बारकीनं रडता रडता मान वर केली होती. वरवंटा पाट्यावर होता, कुणी हलवला नव्हता.

"ऑफिसात नाय," नवशी म्हणाली. "गाडी हायच तं तुम्हीच बसा तिच्यात. इथं या. रस्ता मी सांगते."